हिरवा केलेला डोंगर

आमच्या घरात पाटी नव्हती. मी पहिलीत गेलो तेव्हा आईने चुलीतली राख चाळून चुलीपुढच्या सारवलेल्या जमिनीवर ओतली, तळहाताने सपाट केली आणि म्हणाली, "हं, काड." मी बोटाने 'ग' काढला. आई अक्षराकडे बघायची नाही, बोटाकडे बघायची. अक्षर पुरं झालं की त्यावरून तळहात फिरवायची आणि पुन्हा म्हणायची, "काड." राख ऊन असायची. पुढे मी बोरूने लिहिलं, टाकाने लिहिलं, फाउंटन पेनाने लिहिलं. पण नवीन काही लिहायला बसलो की बोटाच्या टोकाला अजून ती ऊब लागते.

मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी, बारा-पंधरा घरांची आमची वाडी. वडील मी चालायला लागायच्या आधीच गेलेले. आई, दादा आणि मी. उतारावर नाचणी आणि वरी, खाली ओढ्याकाठी भाताचं एक खाचर, घोंगडं टाकलं तर झाकून जाईल एवढं. नाचणी शिमग्यापर्यंत पुरायची. शिमग्यानंतर काय, असं आमच्याकडे कुणी विचारायचं नाही. शिमग्यानंतर डोंगर. करवंदं, जांभळं, आळू, वाहत्या पाण्यात ठेवून कडूपणा काढलेले कंद, आणि पावसाळ्यात तऱ्हेतऱ्हेचा पाला. आई हिरडे वेचून मेढ्याच्या बाजाराला न्यायची आणि मीठ घेऊन यायची. दादाच्या अंगावरून उतरलेला सदरा माझ्या अंगावर चढायचा, आणि माझ्या अंगावरून उतरला की त्याची चुंबळ व्हायची.

दादाचं नाव शंकर. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. दुसरीतून त्याने शाळा सोडली. का सोडली ते कुणी मला सांगितलं नाही. मी शाळेत जायला लागलो आणि तो जायचा थांबला, एवढंच आठवतं.

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला त्याचा अभिमान आहे. कुणी लपवायला सांगितला तरी लपणार नाही. पण आज जे लिहायला बसलोय ते त्या अभिमानाच्या पाठीमागचं आहे. समोर टेबलावर रुमालात कोळशाचे सात-आठ तुकडे आहेत. गेल्या उन्हाळ्यात आमच्या डोंगरावरून उकरून आणले. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मातीत पडून होते, तरी बोटाला लागले की बोट काळं होतं.

त्या डोंगराला आम्ही गव्याचा डोंगर म्हणायचो. गवा मी कधी पाहिला नाही, पण त्याचा वास पाहिलाय, असं दादा म्हणायचा. "वास बगितलाय मी, गड्या. दिसतो त्यो." आणि खरंच, त्या रानातला वास दिसण्याएवढा दाट होता. ऐनाच्या सालीचा तुरट वास, कुजक्या पाल्याचा, अंजनीच्या निळ्या फुलांचा, आणि पहिल्या वळणाला गेलं की झऱ्याकाठच्या जांभळीचा. जांभळीखाली एक चपटा दगड होता. आई पाण्याला गेली की हंडा भरून बाजूला ठेवायची आणि त्या दगडावर बसायची. दिवसभरात ती तेवढीच बसायची. तिथं बसून ती काय करायची तर काही नाही. पाय पाण्यात सोडून वर पानांकडे बघायची. आम्ही हाक मारली तर म्हणायची, "आले रं. बसू द्या की वाईच."

आईच्या हाताला एक कला होती. आमच्याकडे दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी घालतात. चौकोनी वाडा आखायचा, त्यात शेणाच्या बोटभर बाहुल्या: कुणी ताक घुसळणारी, कुणी दळणारी, डोक्यावर घागरी घेतलेली, एक लंगडा पेंद्या, गायी, वासरं, एक राखणीचं कुत्रं. पाडव्याच्या दिवशी त्यांच्या मागे शेणाचाच डोंगर उभा करायचा, त्याला हिरवं गवत, कुरडूचे तुरे आणि झेंडू खोचायचे, आणि पूजा करायची. सगळ्याच बायका घालायच्या. पण आईच्या गवळणी बघायला खालच्या वाडीतल्या बायका चढून वर यायच्या. तिची दळणारी बाई पुढे वाकलेली असायची आणि तिच्या पाठीत थकवा दिसायचा. शेणाच्या बाहुलीच्या पाठीत थकवा कसा दाखवायचा, हे मला आजही कळलेलं नाही. बायका हसायच्या. "आगं, ही तर सगुणाच! अशीच वाकती." आणि सगुणाकाकू, आमची शेजारीण, लटक्या रागाने म्हणायची, "माजी कंबर मोडली ती मोडली, वर तिचं चित्र काडून ठिवलंय हिनं!"

दादा डोंगराला झाडं लावायचा. प्रत्येक काडीला नाव. हा ऐन, ही अंजन, हा हिरडा. आणि शेवटी एक भरदार फांदी डाव्या बाजूला खोचून म्हणायचा, "ही आयची जांभळ."

मग लढाईची सालं आली. लढाई आम्ही पाहिली नाही. आम्हाला लढाई दिसली ती मोटारीच्या पाठीमागे. साताऱ्याहून मेढ्याला येणाऱ्या मोटारीला पाठीवर एक पत्र्याचा उभा बंब बसवला. पेट्रोल मिळेना म्हणून मोटार कोळशाच्या धुरावर चालायची. क्लीनर बंबात कोळसा ओतायचा, हाताने पंखा फिरवायचा, मोटार खोकायची आणि चढाला लागायची. उतारू खाली उतरून ढकलायचे. तो कोळसा कुठून येतो, हे पुढच्याच वर्षी कळलं.

मी तेव्हा साताऱ्याला हायस्कुलात होतो. मे महिन्याच्या सुट्टीत घरी आलो, तर वाडीत कंत्राटदाराचा मुकादम खाटेवर बसलेला. त्याला आकडे घालणारा माणूस हवा होता. तोडायच्या झाडाची बुंध्याजवळची साल तासायची आणि त्या तासलेल्या जागेवर डांबराने नंबर घालायचा. झाड तोडलं तरी नंबर खोडावर राहिला पाहिजे. वाडीत लिहिता येणारा मी एकटा.

हातात डांबराचा डबा, काथ्याचा कुंचला. पुढे एकजण कोयत्याने साल काढत चाललेला, मागे मी. तासलेलं लाकूड ओलं, गुलाबी, आतून थंड लागायचं. त्यावर मी आकडा काढायचो. शाळेतला कित्ता मी मन लावून गिरवला होता. माझ्या दोनाची शेपटी लांब असायची आणि टोकाला वर वळायची. मास्तरांनी त्या शेपटीपायी दोनदा छडी मारली होती, तरी मी ती सोडली नाही. मुकादम मागे उभा राहून बघायचा. "वा मास्तर! अक्षर हाय का मोती?" मला कुणी मास्तर म्हणायची ती पहिलीच वेळ. संध्याकाळी आई डोंगरात येऊन झाडांवरची माझी अक्षरं बघत फिरायची. तिला वाचता यायचं नाही. ती हाताने चाचपायची, डांबर हाताला लागायचं, आणि झऱ्यावर आलेल्या बायकांना दाखवायची: "माज्या धाकट्यानं काडलंय."

झऱ्यापाशी आम्ही पहिल्याच दिवशी आलो. दादा तिथे गुरांना पाणी पाजत होता. जांभळीची साल तासायला सुरुवात झाली तसा तो उठून माझ्याजवळ आला.

"तेवडी सोड."

"का?"

"आय बसती तितं. ठावं न्हाई का तुला?"

मुकादम दहा पावलांवर होता. तो नुसता माझ्याकडे बघत होता, मास्तर काय करतो ते. मी दादाला म्हणालो, "ओळीत येतीय ती. सोडायचं माज्या हातात न्हाई."

"कुंचला तुज्याच हातात हाय की रं."

हे तो हसत म्हणाला. तो भांडणारा नव्हता. मी कुंचला बुडवला आणि आकडा काढला. सत्तावीस. दोनाची शेपटी साताच्या खालून नेली, इतकी की साताला जणू त्या शेपटीवर बसवून घेतलं. त्या दिवसातला तो सगळ्यांत सुरेख आकडा होता. मला तेव्हाही तसंच वाटलं. दादा वळून गुरांकडे गेला. मी मुकादमाला विचारलं असतं तर त्याने एक झाड सोडलं असतं की नाही, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही, हे माहीत आहे.

पावसाळा सरल्यावर कुऱ्हाडी आल्या. मी साताऱ्यात होतो. दादाने भट्टीवर काम धरलं. भट्टी म्हणजे लाकडं उभी रचून, वरून पाला आणि माती थापून केलेला मोठा घुमट. आत लाकूड ज्वाळेशिवाय कुढत राहतं, दिवसचे दिवस. माती कुठे तडकली की तिथे जाळ उठतो आणि कोळशाची राख होते. म्हणून एकाने ओल्या मातीची पाटी घेऊन वर चढायचं आणि भेग बुजवायची. ते काम हलक्या पायाचं. दादाचे पाय हलके होते. आणि ओल्या मातीला पाणी लागतं, म्हणून मोठी भट्टी झऱ्यापाशी लावली होती, सत्तावीस नंबरच्या खोडाला लागून.

माघात भट्टी बसली. घुमट आत ढासळला की आमच्याकडे एवढंच म्हणतात. भट्टी बसली. दादा वर होता.

मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. वाडीभर धुराचा वास होता. आई रडत नव्हती. तिने मला जेवायला वाढलं. नाचणीची भाकरी, वर तिखट. तेराव्यानंतर दोन दिवसांनी मला म्हणाली, "परीक्षा हाय न्हवं तुजी? मग जा की. हितं बसून काय करतूस." मी गेलो. मेढ्यातून मोटारीत बसलो. क्लीनरने बंबात कोळसा ओतला, पंखा फिरवला, आणि मोटारीच्या पाठीमागून आमच्या डोंगराचा वास आला. त्या मोटारीने मी मॅट्रिकला गेलो, आणि पास झाल्यावर त्याच मोटारीने सांगलीच्या कॉलेजला जायला निघालो.

सांगलीत नदी रुंद होती, रस्ते सपाट होते आणि मुलं चहा पिता पिता बोलायची. मी पहिले सहा महिने बोललोच नाही, कारण तोंड उघडलं की 'हाय' आणि 'न्हाई' बाहेर पडायचं. खोलीवर बसून 'आहे', 'नाही', 'तेव्हा', 'केव्हा' घोकून पाठ केलं. माझ्या खोलीत वसंत होता. सांगलीजवळच्याच एका वकिलाचा मुलगा, मनाने चांगला, चित्रं काढायचा. त्याने एकदा विचारलं, "तुमच्याकडे डोंगर आहेत ना रे?" आणि मी सुरू झालो. आमच्या डोंगरात उन्हाचा कवडसा जमिनीला लागत नाही, असं सांगितलं. गवे सांगितले. जांभूळ सांगितली, झरा सांगितला. भाऊ आहे का, असं त्याने विचारलं तेव्हा म्हणालो, होता, तापाने गेला. भाऊ भट्टीवर मातीची पाटी वाहत होता, हे मला वकिलाच्या मुलाला सांगवेना.

सुतकाची पहिली दिवाळी झाली नाही. दुसऱ्या दिवाळीला वसंत म्हणाला, "मी येतो तुझ्याबरोबर. तुझं जंगल काढायचंय मला." नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही.

मेढ्यातून आम्ही चढू लागलो. मला घाम फुटला होता तो चढाचा नव्हता. वळण संपलं आणि डोंगर समोर आला. बोडका. पावसाने माती धुऊन नेलेली, जागोजाग तांबड्या घळी पडलेल्या, आणि सगळ्या उतारावर कापलेली खोडं, प्रत्येकावर माझं अक्षर. वसंत थांबला. "अरे, जंगल कुठंय?" मी म्हणालो, "ते पलीकडच्या अंगाला." पलीकडच्या अंगालाही तसंच होतं.

आईने वसंताचं कौतुक केलं. त्याला गरम पाणी काढलं, जवळ बसवून जेवू घातलं. "खा रं बाबा. लय लांबनं आलास." पहिले दोन दिवस अंगणात गवळणी नव्हत्या. मला वाटलं, तिने सोडून दिलं असेल. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मित्रासमोर शेण नको.

पाडव्याला मी उठून बाहेर आलो. नुकतंच उजाडलं होतं. अंगणात सगुणाकाकू आणि आणखी दोघी उभ्या होत्या. नेहमी त्यांचा कालवा असायचा. त्या दिवशी एकमेकींकडे बघत होत्या. मी पुढे होऊन बघितलं.

वाडा नव्हता, गवळणी नव्हत्या, गायी नव्हत्या. नुसता डोंगर होता, गुडघ्याएवढा. शेणात राख कालवून केलेला, म्हणून करडा. उतारावर तिने बोटांनी घळी ओढल्या होत्या, अगदी जिथे आहेत तिथेच. सगळीकडे कोळशाचे बारीक तुकडे उभे खोचलेले, खोडं. डाव्या बाजूला करवंटीत पाणी, तो झरा. झऱ्याजवळ गोल घुमट, आणि घुमटावर पाठमोरा एक माणूस, डोक्यावर पाटी, एक पाय उचललेला. फक्त पाठ दिसत होती. मान जरा डावीकडे कललेली. दादा ओझं घेतलं की तशीच मान कलती धरायचा. घुमटातून सावरीच्या कापसाचा एक धागा वर निघालेला. आणि घुमटाला लागून कोळशाचा जाड तुकडा, त्यावर चुन्याने आकडा काढलेला. सत्तावीस. दोनाची शेपटी साताच्या खालून गेलेली आणि टोकाला वर वळलेली.

"आगं, सणासुदीचं हे काय घातलंस?" सगुणाकाकू हळूच म्हणाली. "चार फुलं तरी लाव की डोंगराला."

"फुलं न्हाईत डोंगरावर," आई म्हणाली, आणि पाणी आणायला आत गेली.

बायका निघून गेल्या. मी तिथेच उभा. त्या आकड्याकडे मला बघवेना. वाडीतल्या सगळ्यांदेखत, सणाच्या दिवशी, आईने माझं नाव घेतल्यासारखं वाटलं. हा ज्याने आकडा घातला तो. तेवढ्यात वसंत दात घासत बाहेर आला आणि थबकला. डोंगराजवळ वाकला. मग त्याने विचारलं, "हे कुणी केलं? आणि हे सत्तावीस म्हणजे काय रे?"

मी शुद्ध मराठीत उत्तर दिलं. "काही नाही. भाऊ गेल्यापासून आईचं डोकं जरा फिरलं आहे."

आई दारात उभी होती. हातात तांब्या. तिने तो उंबऱ्यावर ठेवला, पाणी न सांडता, आणि आत गेली.

माणसाने तिथे तरी थांबावं. मी थांबलो नाही. वसंताला म्हणालो, "चल, तुला आमची खरी रीत दाखवतो." ओढ्याकडे जाऊन आम्ही गवत उपटून आणलं, बांधावरचे कुरडूचे तुरे आणले, सगुणाकाकूच्या परड्यातला झेंडू आणला. मी उकिडवा बसलो आणि डोंगर हिरवा करत सुटलो. प्रत्येक घळ गवताने बुजवली. खोडं उपटून टाकली. घुमट तळहाताने दाबून सपाट केला, त्याबरोबर वरचा माणूस गेला. तो मी वेगळा मोडला नाही, पण तो त्यात गेला. आकडा अंगठ्याने पुसला. चुना ओलाच होता, अंगठा पांढरा झाला. झऱ्याच्या बाजूला एक भरदार फांदी खोचली. वसंत म्हणाला, "छान दिसतंय की." मग म्हणाला, "पण आधीचं काढून घ्यायला हवं होतं रे कागदावर."

ऊन अंगणात आलं तशी आई पूजेचं ताट घेऊन आली. नवं लुगडं नेसलेली. ती डोंगरासमोर उभी राहिली. मी अंगठा मुठीत धरून बाजूला उभा. तिने हळद वाहिली, कुंकू वाहिलं, दिवा ओवाळला, दहीभाताचा नैवेद्य ठेवला. वाकून नमस्कार केला. उठताना गुडघ्यावर हात ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं.

"लय हिरवा केलास रं," म्हणाली.

एवढंच. रागाने म्हणाली नाही. मी नाचणीला जरा जास्त पाणी घातलं असतं तर जशी म्हणाली असती तशी. मग आत जाऊन तिने आम्हा दोघांना वाढलं.

आमची रीत अशी की त्या शेणाच्या गोवऱ्या थापायच्या आणि तुळशीच्या लग्नादिवशी त्यांच्यावर खीर करायची. तोवर मी सांगलीला परत गेलो होतो. ती खीर मी खाल्ली नाही. त्यानंतर आईने दिवाळीत गवळणी घातल्या, दळणारी घातली, पेंद्या घातला. डोंगर पुन्हा घातला नाही. "ह्याच्यापुरती जागा न्हाई अंगनात," असं एकदा कुणाला तरी सांगताना ऐकलं.

मी बी.ए. झालो. वाडीने मला मेढ्यापासून वाजत आणलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. आई माळेकडे बघत होती, की मलाच तसं वाटलं. पुढे सांगलीत नोकरी लागली, मी खराखुरा मास्तर झालो, लग्न झालं, आई आमच्याकडे येऊन राहिली. पंधरा वर्षं एका घरात काढली आम्ही. मी तिला बाजारहाट विचारला, औषधपाणी विचारलं. पाडव्याचं विचारलं नाही. किती वेळा तोंडाशी आलं, आणि दर वेळी मला वाटलं की ती म्हणेल, व्हय, तुजाच आकडा हाय त्यो. ते ऐकायची माझी छाती नव्हती. ती गेली तेव्हा मी तिच्या पायाशी होतो.

गेल्या उन्हाळ्यात वाडीला गेलो. एस.टी. आता पार वरपर्यंत जाते. झऱ्यावर सिमेंटची टाकी बांधली आहे. खोड कुजून कधीच गेलं. दगड मात्र जागच्या जागी आहे. त्याच्या बाजूला जमिनीवर एक काळं वर्तुळ आहे, गवत तिथे विरळ उगवतं. मी दगडावर बसलो, वर बघितलं. वर नुसतं आभाळ होतं. मग बोटांनी माती उकरली आणि हे तुकडे रुमालात बांधून आणले.

घरी आल्यावर माझ्या बायकोने, सुमनने, रुमाल उघडून बघितला. ती तासगावकडची, तिला डोंगर माहीत नाही; सासूला ती आत्या म्हणायची. तिला मी हे सगळं पहिल्यांदा सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "आवं, हे मला आत्या बोलल्या होत्या की."

"काय बोलली होती?"

"तुमी शाळेत गेलेला असायचा. एक दिवस चुलीपुढं राख पसरली आनि बोटानं आकडा काढून दाखवला मला. म्हनल्या, सुमे, मला एवढंच लिवता येतं. रोज पान्याला गेले की खोडावर बघून यायची, आनि घरी येऊन राखंत काडायची. महिनाभर काडलं तवा कुटं शेपटी वळली."

मी विचारलं, "कशासाठी, ते सांगितलं का?"

"मी इचारलं की. म्हनल्या, थोरल्याला शेनाचा केला, धाकट्याचं अक्षर घातलं. म्हनल्या, दोगं बी एकदा डोंगरावर असावीत म्हनून."

सुमन चहा ठेवायला उठली. मी रुमालाकडे बघत बसलो. माझा उजवा अंगठा मी टेबलाखाली धरला होता, हे मला मागाहून कळलं.

या पाडव्याला मी पहाटे उठलो. गल्लीच्या टोकाला म्हशी आहेत, तिथून पाटीभर शेण आणलं. गवळी म्हणाला, "सर, तुम्ही? पोरीबाळींचं काम हे!" मी म्हणालो, "पोरीबाळी नाहीत घरात." अंगणातल्या फरशीवर बसलो. शेणात राख कालवली. गल्लीतल्या बायका दारात येऊन हसत होत्या, बी.ए. झालेला म्हातारा शेणात कोपरापर्यंत. हसू दिलं. घळी जशा आठवल्या तशा ओढल्या. रुमालातल्या तुकड्यांची खोडं केली. घुमट केला. वरचा माणूस तीनदा मोडला. मान कलती करायला गेलो की पाटी पडायची. चौथ्यांदा उभा राहिला. दादासारखा झाला नाही, पण पाठमोरा झाला. चुना भिजवून जाड तुकड्यावर आकडा काढला. आता हात कापतो, त्यामुळे दोनाची शेपटी साताच्या खालपर्यंत पोचली नाही.

सुमन पूजेचं ताट घेऊन आली. ताटात झेंडू होते. तिने माझ्याकडे बघितलं, फुलं ताटातच ठेवली आणि हळदकुंकू वाहिलं.

डोंगर झाला. त्यावर मी झाडं लावली नाहीत.